खुंटीवरचे कपडे

१

"...ती पोर बर्फातच गेली म्हणतात. आणि तिच्या कपड्यांत आता जे घरभर फिरतंय, ते काही—"

एवढंच माझ्या कानावर पडलं, आणि दुकानाच्या दारावरची घंटी वाजली. दार मीच ढकललं होतं. डेंटबाई फळीमागे चीज कापायची तार हातात धरून उभ्या होत्या, समोर पोस्टमनची बायको. दोघींनी माझ्याकडे बघितलं, आणि डेंटबाई लगेच म्हणाल्या, "मनुका आल्यात बरं का अ‍ॅगी. या खेपेला चांगल्या टपोऱ्या आहेत."

"कोणती पोर?" मी विचारलं.

"कसली पोर?"

"बर्फात गेली ती."

"अगं, आम्ही आपलं कुठल्या कुठे बोलत होतो." पोस्टमनच्या बायकोनं पिशवी उचलली आणि ती निघूनच गेली. डेंटबाई माझ्यासाठी न मागता मनुका तोलू लागल्या, तेव्हाच मला कळलं की बोलणं स्कारगिलचं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यांनी मला पहिल्यापासून सांगितलं असतं, वर दोन गोष्टी पदरच्या घालून.

स्कारगिल म्हणजे आमच्या वरचं, डोंगराच्या कुशीतलं शेत. त्याच्या पलीकडे फक्त मेंढ्या आणि ढग. माझ्या मोरीच्या खिडकीतून त्यांचं धुराडं दिसतं. सकाळी धूर निघाला की रूथ रिग उठली, हे मला कळतं. लोक मला भोचक म्हणतात, म्हणू देत. वर राहणाऱ्यांच्या धुरावर खालच्यांनी लक्ष ठेवायचं, धूर दिसला नाही तर जाऊन बघायचं, ही आमच्या खोऱ्यातली जुनी रीत आहे.

फेब्रुवारीत मात्र जाऊन बघता आलं नव्हतं. बर्फ शेतांच्या दगडी गडग्यांच्या माथ्यापर्यंत चढला होता. धूर मात्र रोज दिसत होता. रस्ता मोकळा झाल्यावर मीच पहिली वर गेले, पाव आणि डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन. जोसाया रिग दारातला बर्फ फावड्यानं ओढत होता. मागे रूथ उभी होती, तपकिरी शाल डोक्यावरून घेऊन, आणि त्या शालीचं टोक मुठीत धरून त्यांची लेटी.

"पोर आजारी होती," जोसाया म्हणाला. "आता बरी आहे."

तिघंही माझ्या डोळ्यांसमोर होती. मग कोण गेलं?

पण खरं सांगायचं तर एक गोष्ट मलाही टोचली होती. लेटी माझ्या हातावर जन्मलेली पोर. ओहोळाला पूर आलेला, सुईण पोचली नाही, मी पोचले. तेव्हापासून सहा वर्षं ती मला लांबून बघितली की ओरडत सुटायची, "अ‍ॅगी मावशी, काय आणलंस?" त्या दिवशी ती ओरडली नाही. माझ्याकडे बघत जागच्या जागी उभी राहिली, आणि तिनं हळूच शालीचं टोक नाकाशी नेऊन हुंगलं.

आजारातून उठलेलं मूल असं करतं, मी मनाशी म्हटलं.

२

त्या मनुकांचे मी गोड पाव भाजले आणि वर घेऊन गेले. एप्रिल होता, मेंढ्या वीत होत्या. खाली काटेरी कुंपणांना पालवी फुटली होती, वर अजून वारा कापत होता.

अंगणात त्यांचा कुत्रा, मॉस, गडग्याला चिकटून पावसात बसला होता. मॉसची जागा चुलीपुढे. बारा महिने तिथून हलायचा नाही. मी दार उघडून त्याला आत बोलावलं. त्यानं शेपटी हलवली, पण उठला नाही. तेवढ्यात लेटी गोठ्यातून आली, तर तिच्या हाताला मात्र त्यानं चाटून चाटून ओलं केलं. हे मी डेंटबाईंना सांगायचं म्हणून ध्यानात ठेवलं. परक्या पोरीला कुत्रा असा चाटेल का?

स्वयंपाकघरात विस्तव मंद होता. रूथ खिडकीकडे पाठ करून खुर्चीवर बसली होती, शाल तशीच डोक्यावरून. खोलीत काहीतरी कमी होतं, आणि काय कमी आहे ते मला बराच वेळ कळेना. मग कळलं. दर एप्रिलला त्या चुलीपाशी खोकं असतं, त्यात पोरकी कोकरं असतात, आणि त्यांच्या आरडाओरड्यात आम्ही दोघी एकमेकींना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलत असतो. आज खोली गप्प होती.

"कोकरं कुठायत गं?"

"गोठ्यात," रूथ म्हणाली. आवाज घोगरा होता.

"इतक्या थंडीत?"

"आत राहत नाहीत."

"राहत नाहीत म्हणजे काय? त्यांना कुणी विचारलंय?" मी हसले. एकटीच हसले. "बरं, चहा टाक की जरा."

"हो," रूथ म्हणाली, आणि उठली नाही.

मी थोडा वेळ थांबले. किटली जिथल्या तिथे होती, रूथ जिथल्या तिथे. शेवटी पाव टेबलावर ठेवून मी गोठ्याकडे गेले. बाई दुखण्यातून उठलीय, मी स्वतःला समजावलं. बर्फात कोंडून दोघांनीच पोरीचं आजारपण काढलं, माणसाचं डोकं ठिकाणावर यायला वेळ लागतो.

गोठ्यात जोसाया मेलेलं कोकरू सोलत होता. आमच्याकडे हे सगळेच करतात. एका मेंढीचं कोकरू मरतं, दुसऱ्या कोकराची आई मरते. मेलेल्याचं कातडं सदऱ्यासारखं अख्खं उतरवायचं, पोरक्याच्या अंगावर चढवायचं, पोटाखाली सुतळीचे दोन-चार टाके घालायचे. मेंढी हुंगते, आपलंच म्हणून घेते, दूध देते. मी लहानपणापासून बघत आलेय. ती मला नेहमी दयेची गोष्ट वाटायची.

लेटी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"बाबा, तिला कळत नाही?"

"पहिले काही दिवस नाही कळत. तेवढ्यात तिचं दूध कोकराच्या पोटात जातं, त्याला तिचाच वास लागतो. मग वरचं कातडं काढून टाकायचं."

"आणि काढलंच नाही तर?"

"तर कुजतं," जोसाया म्हणाला.

लेटीनं घराकडे बघितलं. जोसायाचा सुरीचा हात थांबला होता.

"काय काय विचारते ही पोर," मी म्हटलं. बाहेर कर्ल्यू पक्षी ओरडत होता, आणि पाऊस.

३

जुलैत गवतकापणी आली. वरच्या कुरणाची कापणी असली की खालून सगळे जातात, दुसऱ्या दिवशी वरचे खाली येतात. असं पाळीपाळीनं सगळ्यांचं गवत पावसाआधी घरात पडतं. त्या दिवशी ऊन असं होतं की गडग्याच्या दगडांवर हात ठेववत नव्हता. माझा नवरा अर्नी सदरा काढून गाडीवर गवत चढवत होता, आणि डेंटबाई म्हणत होत्या, "अर्नी, तुझं ते पोट झाक, मेंढ्या बिथरतील."

"मेंढ्यांची तक्रार नाही," अर्नी म्हणाला. "तुमचीच नजर हटत नाही त्याला मी काय करू?"

सगळे हसले. लेटी हसली नाही. ती रूथच्या शालीचं टोक धरून कुरणाच्या कडेनं फिरत होती. रूथ शालीतच होती, अंगात हिवाळी कोट, हातात लाकडी दाताळं.

"आईला बघ थंडी वाजतेय बिचारीला," पोस्टमनची बायको कुजबुजली. "आणि ती पोर बघ. एकदा तरी आईचा हात धरला का तिनं? मी सकाळपासून बघतेय. नुसती शाल."

सगळ्याजणी पोरीकडे बघत होत्या. मीही.

त्यांच्यात नर्स प्रिंगलही होती, खोऱ्यातल्या बाळंतिणींची आणि शाळेतल्या पोरांची जिच्याकडे जबाबदारी आहे ती. मनानं वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मिसेस बर्केट, मी आता स्पष्टच बोलते. त्या बर्फात लेटी गेली असेल आणि आईला वेड लागू नये म्हणून बापानं कुठून तरी दुसरी पोर आणून उभी केली असेल, तर मला ते बघावं लागणार. ती कुणाची तरी असेल ना? सप्टेंबरात शाळा उघडली की मी वर जाणार. खरं काय ते कळेपर्यंत तिला शहरातल्या अनाथालयात ठेवू."

"ती लेटीच आहे."

"मग ती शाळेत का येत नाही? बोलत का नाही?"

"तुम्ही अशा टक लावून बघितलंत तर मीही बोलणार नाही."

"पुरावा द्या, मी परत जाते," नर्स म्हणाली.

अनाथालय मी एकदा बघितलंय. लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, खिडक्या इतक्या उंच की पोरांना बाहेरचं झाडसुद्धा दिसू नये. डोंगरावर वाढलेली पोर तिथे काय जगणार? मी तेव्हाच ठरवलं की काही झालं तरी लेटीला तिथे जाऊ द्यायचं नाही.

चहाच्या वेळी मी रूथला कप नेऊन दिला. तिनं घेतला. मी परत आले आणि दुरून तिच्याकडे बघत बसले. ती पुन्हा दाताळं ओढू लागली होती, एका रेषेत, न थांबता. अर्नीनं त्या पट्ट्यातलं गवत सकाळीच उचललं होतं. खाली नुसते खुंट होते, आणि ती त्यावरून दाताळं ओढत जात होती, टोकाला वळत होती, पुन्हा तिथूनच परत येत होती.

मी कप आणायला गेले. काठोकाठ तसाच होता, गडग्यावर ठेवलेला, वर एक माशी तरंगत होती.

"रूथला बरं नाही," मी सगळ्यांना सांगितलं. "पोरीचं सोडा आणि तिच्याकडे जरा मायेनं बघा."

कुणी बघितलं नाही. मीही, आता आठवतं, शाल बघितली, कोट बघितला, घामाचा एक थेंबही नसलेली ती पाठ बघितली. शालीच्या आत डोकावून काही बघितलं नाही.

४

सप्टेंबरात डोंगरावरचे नेचे तांबूस झाले, ओहोळाच्या काठी काळ्या बेऱ्या पिकल्या. नर्स सोमवारी वर जाणार होती. शनिवारी सकाळी मी जोसायाला गेटापाशी गाठलं आणि म्हटलं, "लेटीला बेऱ्या तोडायला नेते."

त्यानं घराकडे बघितलं. बारीक झाला होता, गालांत खड्डे. "लांब नेऊ नकोस. ती... रूथ शोधत बसते."

"ओहोळापर्यंत."

"ओहोळापर्यंत ठीक आहे," तो म्हणाला, आणि मला वाटलं त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय. धुकं होतं, नक्की सांगता येणार नाही.

लेटी मुकाट्यानं बरोबर आली, मागोमाग मॉसही. आम्ही डबा भरला, तिची बोटं जांभळी झाली, तोंडही. मग मी म्हटलं, "बूट चिखलानं भरलेत बघ. ये, पाय धुते."

मला पाय बघायचाच होता. लेटी तीन वर्षांची असताना माझ्याच स्वयंपाकघरात निखाऱ्याच्या तापल्या फावड्यावर तिची टाच पडली होती. अर्ध्या चंद्रासारखा डाग उरला होता. मीच लोणी लावलं होतं, मीच पट्ट्या बांधल्या होत्या. तो डाग मी झोपेत ओळखेन.

पाणी बर्फासारखं होतं. मी तिचा मोजा ओढून काढला, टाच तळहातावर घेतली, अंगठ्यानं चिखल पुसला. आणि मी तिथेच ओल्या दगडावर बसले. डाग होता. त्याच जागी, तसाच, एका टोकाला किंचित वाकडा.

"तू लेटीच आहेस गं," मी म्हटलं. मी रडत होते. "माझी पोर, लेटीच आहेस तू."

"हो," ती म्हणाली. फेब्रुवारीपासून माझ्याशी बोललेला तिचा तो पहिला शब्द. तिनं पाय पाण्यात हलवला.

"मावशी, सगळे माझ्याकडेच का बघतात?"

"म्हणजे?"

वरून, धुक्यातून, रूथची हाक आली. "ले-टी." पुन्हा "ले-टी." दोन्ही हाका अगदी सारख्या, जणू एकच हाक दोनदा वापरली होती.

५

मी लेटीला ओहोळापाशीच मॉसजवळ बसवलं. म्हटलं, "मी सांगेपर्यंत इथून हलू नकोस." आणि एकटी वर गेले. का गेले ते मला धड सांगता येणार नाही. रूथला खूशखबर द्यायची होती, असं मी स्वतःला सांगत होते. तुझी पोर तुझीच आहे, आता कुणी नेणार नाही. चढताना मी हे वाक्य दोनदा पुटपुटलेसुद्धा.

दार उघडं होतं. स्वयंपाकघरात विस्तव नव्हता. तरी धुराडं सकाळी धुरत होतं, मी बघितलं होतं. जोसाया पेटवत असणार, खाली आम्हाला दिसावं म्हणून, आणि मग विझू देत असणार. टेबलावर माझे पाव होते, एप्रिलमधले, त्याच ताटलीत, हिरव्या बुरशीनं मढलेले. ओल्या लोकरीचा वास येत होता, आणि त्याखाली दुसरा एक वास, कातडं वेळेवर काढलं नाही तर येतो तसा.

ती खुर्चीवर होती, पाठमोरी.

"रूथ," मी म्हटलं.

"हो."

"नर्स सोमवारी येतेय. पण आता काळजी नाही. मी डाग बघितला."

"हो."

"रूथ, मी कोण आहे?"

"हो," ती म्हणाली.

बाहेर कुठेतरी गेट वाऱ्यानं आपटत होतं. मी पुढे गेले. मागच्या दारापाशीची लाकडी खुंट्यांची पट्टी रिकामी होती, रूथचे कपडे असायचे ती. शाल मागून सरकली होती, आणि कोटाच्या पाठीवर मानेपासून खाली मोठे टाके होते, सुतळीचे. असे टाके मी कुठे बघितलेत ते मला माहीत होतं. खांद्यापाशी शिवण थोडी उसवली होती. मी हात पुढे केला. आज विचाराल तर सांगते, भीती वाटत नव्हती. उसवलेलं दिसलं की माझा हात आपोआप जातो.

कोटाच्या आत रूथचा निळा एप्रन होता. एप्रनच्या आत तिचा रविवारचा झगा. झग्याच्या आत तिचं फुलाफुलांचं पोलकं, मीच दिलेलं. त्याच्या आत आणखी एक पोलकं, आणि त्याच्या आत मोजे, मफलर, लोकरीचं काहीतरी, एकात एक दाबून भरलेलं. माझा हात मनगटापर्यंत आत गेला आणि कुठेच काही लागलं नाही. मग खूप आत काहीतरी सरकलं, बाजूला झालं, बोटांना जागा करून दिली.

शाल वळली. मी शालीत बघितलं, निमिषभर. चेहरा नव्हता असं नाही. चेहऱ्याची तयारी होती.

पुढचं आठवतं ते अंगणात, गडग्याला धरून उभी असतानाचं. जोसाया समोर होता.

"मी तिला तीन-चार दिवसांत काढून टाकणार होतो," तो म्हणाला. एवढ्या हळू की मला त्याच्या ओठांकडे बघावं लागलं. "बर्फ पडत असताना कुणीतरी हाक मारतंय म्हणाली आणि रूथ बाहेर गेली. मला ती मेंढवाड्याच्या भिंतीआड सापडली, गारठलेली. पोर तापानं फणफणलेली, आई आई करून ओरडत होती, पाण्याचा थेंब घेईना. आणि दुसऱ्या दिवशी ते भिंतीपाशी उभं होतं. नुसतं उभं. आत यायची वाट बघत. रूथचे कपडे खुंटीवर होते. अ‍ॅगी, मी आयुष्यभर हेच करत आलोय. कातडं चढवायचं, दोन टाके घालायचे, एक जीव वाचतो."

"आणि लेटीनं घेतलं?"

"नाही. पोरीनं पहिल्याच दिवशी ओळखलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पोरीनं तिला घेतलं नाही. तिनं पोरीला घेतलं."

घरातून हाक आली, "ले-टी."

"जा," जोसाया म्हणाला. "पोरीला घेऊन जा, मागे बघू नकोस. मी आत बसतो तिच्याजवळ. खोलीत कुणी असलं की ती बसून राहते." आणि तो आत गेला, आणि दार त्यानं आतून लावलं, स्वतःच्या घराचं.

६

नर्स सोमवारी माझ्या स्वयंपाकघरात आली. टाच बघितली, शाळेच्या वजनाच्या वेळी आपणच पूर्वी बघितलेला डाग तिला आठवला, आणि तिनं मान खाली घालून दोन कप चहा घेतला. त्यानंतर गाव निवांत झालं. डेंटबाईंनी लेटीला खडीसाखरेची कांडी दिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लोक काय वाट्टेल ते बोलतात."

"लोक म्हणजे कोण, डेंटबाई?"

"असतात ना काही," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरात रूथला आम्ही चॅपेलच्या मागे पुरलं. जोसायानं कुणाला काय सांगितलं मला माहीत नाही. पेटीचं झाकण त्यानं स्वतः ठोकलं होतं; आत फेब्रुवारीत गारठलेली खरी रूथ होती, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. जिला जुलैत सगळ्यांनी कुरणात बघितलं, तिला पुरताना कुणालाच काही खटकलं नाही. दुखण्यानं गेली बिचारी, म्हणाले. पोर तर लेटीच आहे, म्हणाले, उगाच संशय घेतला. मी फुलं ठेवली आणि गप्प राहिले. त्या अफवेतलं काय खरं होतं आणि काय नव्हतं, ते मी कोणत्या तोंडानं सांगणार?

लेटी आता आमच्याकडे असते. खाते, शाळेत जाते, अर्नीच्या खांद्यावर बसून त्याचे कान ओढते. जोसाया रविवारी खाली येऊन तिच्याजवळ बसायचा आणि संध्याकाळच्या आत घाईनं वर जायचा. डिसेंबरात एका रविवारी तो उठलाच नाही. मी विचारलं, जायचं नाही का?

"गेली ती," तो म्हणाला. "मी मेंढ्यांकडे गेलो होतो. परत आलो तर कपडे सगळे जमिनीवर. एकात एक, तसेच."

"मग बरंच झालं की," अर्नी म्हणाला. त्याला मी फार काही सांगितलेलं नाही.

जोसाया माझ्याकडे बघत राहिला.

जानेवारीत दोरीवरून माझा हिरवा स्वेटर गेला. वारा होता, मी म्हटलं, उडाला असेल. पुढच्या आठवड्यात चौकड्यांचा एप्रन गेला. मग मोजे. अर्नीचे कपडे शेजारीच वाळत होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता. तेव्हापासून मी धुणं घरातच वाळत घालते, चुलीपुढे, आणि डेंटबाई म्हणतात अ‍ॅगी आता म्हातारी झाली.

काल दुपारी बर्फ भुरभुरायला लागला. मी तांदळाची खीर केली होती. लेटी टेबलाशी बसून खात होती, मी तिच्यासमोर. अर्नी बाहेरून बूट झाडत आला आणि मला बघून दारातच थांबला.

"तू केव्हा आलीस आत?"

"मी सकाळपासून आतच आहे."

"आत्ता वरच्या गडग्यापाशी होतीस की. हिरवा स्वेटर घालून. मी म्हटलं, बाई, शाल तरी घे. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

लेटीनं चमचा खाली ठेवला. ती खुर्चीवरून उतरली, दाराशी गेली, टाचा उंचावून वरची खिट्टी लावली, मग खालची. मग तिनं अर्नीचा हात धरला.

"काका, तिनं हाक मारली का, की नुसती उभी होती?"

"नुसती उभी होती," अर्नी म्हणाला. "का गं?"

"मग अजून वेळ आहे," लेटी म्हणाली, आणि पुन्हा येऊन माझ्या अगदी जवळ बसली.